राहून गेलेली वर्षं: लहान मुलांच्या घराची नोंद मागून कशी भरून काढावी

फोनमध्ये हजारो फोटो असतात, पण धाकटीला पहिला दात कधी आला असं विचारलं की आईबाबा एकमेकांकडे बघतात. थोरल्याच्या बारशाला पाळणा कोणी म्हटला, उष्टावणाची खीर कोणी केली होती, चालायला लागला तो गणपतीच्या आधी की नंतर, यातलं नक्की काहीच आठवत नाही. दोघं नोकरी करतात, पाळणाघराची वेळ पाळायची असते, मध्येच कोणाचा ताप, कोणाची परीक्षा. सण होतात, फोटो निघतात, घरच्या ग्रुपवर जातात आणि तिथेच खाली खाली सरकत जातात. गावाकडच्या आजीला त्यातले निम्मे उघडताच येत नाहीत.

अशी दोन-तीन वर्षं साचली की "आता कधी करणार हे सगळं?" म्हणून विषयच सोडून दिला जातो. सोडू नका. मागचं बरंच काही परत मिळतं, फक्त ते कुठे शोधायचं आणि कोणत्या क्रमाने हात घालायचा ते माहीत हवं. समारंभांची काळजी तुलनेने कमी करा, कारण तेव्हा दहा जण फोन काढून उभे असतात. हरवतात ते साधे दिवस: डब्यात काय नेलं, पाळणाघराच्या दारात कोण रडलं, रात्री गोष्ट बाबांनी सांगायची की आईने यावरून झालेलं भांडण. या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग त्या साध्या दिवसांसाठी आहे.

आधी आजपासून सुरुवात

बहुतेक जण मुलाच्या जन्मापासून सुरुवात करतात, सहा महिन्यांपर्यंत पोचतात आणि थकतात. तोवर चालू वर्षही मागे पडलेलं असतं. म्हणून पहिलं काम उलट टोकाने करायचं. एक साधी दोनशे पानी वही आणा, तिला दोरीने पेन बांधा आणि ती जेवणाच्या टेबलाजवळ किंवा फ्रिजवर ठेवा. आजची तारीख घाला आणि दोन ओळी लिहा. रोज लिहायचा नेम करू नका, तो मोडतो. आठवड्यातून दोन-तीनदा, घरातल्या कोणीही, जे सुचेल ते. आजी आली असेल तर तिने लिहावं. चार वर्षांच्या मुलाने रेघोट्या मारल्या तर त्या पानावरही तारीख घालून ठेवावी.

फोनवर लिहायची सवय असेल तर तसं करा, पण मग दोघांना उघडता येईल अशा एकाच जागी. एकाच्या फोनमधल्या खासगी टिपणात गेलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही आणि फोन बदलला की तीही जाते.

चालू महिना असा हातात आला की मगच मागे वळायचं.

पुरावे गोळा करा

फोटोंच्या आधी कागद. घरात असतील तेवढे एका पिशवीत जमवा. पहिला मान भिंतीवरच्या कॅलेंडरांचा. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकोनांत काय काय लिहिलेलं असतं! दुधाचा खाडा, गॅस लावला ती तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, "ताप १०२", "आत्या येणार". मागच्या वर्षीचं कॅलेंडर बहुधा कपाटामागे किंवा माळ्यावर असतं. ते टाकू नका. आईच्या अक्षरातला तो गचाळ चौकोन एखाद्या सुंदर फोटोपेक्षा जास्त सांगतो.

दुसरा कागद लसीकरणाचा. सरकारी दवाखान्यातलं माता-बाल संरक्षण कार्ड असो की खासगी डॉक्टरांची फाइल, त्यात ठरलेल्या टप्प्यांच्या तारखा असतात: जन्मानंतर लगेच बीसीजी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी, नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेला. बहुतेक ठिकाणी त्याच भेटीत वजन लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षाचा सांगाडा या एकाच कागदावर उभा राहतो. त्याशिवाय हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या हाताला बांधलेली पट्टी, पाळणाघराची किंवा बालवाडीची डायरी, रेल्वेची तिकिटं, बारशाच्या हॉलची पावती. केक कधी मागवला हे आठवत नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद बघा, तारीख तिथे सापडते.

कागद हाताशी आहेतच तर एक सरकारी कामही तपासून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, पण त्या वेळी बाळाचं नाव ठरलेलं नसतं, त्यामुळे अनेक दाखल्यांवर नावाची जागा कोरीच राहते. नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच बघितलेलं बरं.

मग फोटो. फक्त आईबाबांच्या फोनवर थांबू नका. आजी-आजोबांचा फोन, मामाचा, आत्याचा, पाळणाघराच्या ताईंचा, शेजारच्या काकूंचा. घरच्या ग्रुपच्या माहितीत गेलं की आतापर्यंत आलेले सगळे फोटो एकत्र दिसतात. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो. साध्या ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला तो बहुतेकदा चालून जातो, मोठ्या प्रिंटला फाटल्यासारखा दिसतो. म्हणून बारसं, वाढदिवस अशा महत्त्वाच्या प्रसंगांचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडे मूळ मागा आणि ते "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, तसे पाठवले की दर्जा कमी होत नाही. मामाला एकदाच निवांत फोन करा. "दादा, बारशाचे सगळे पाठव, निवडू नकोस, मी निवडते."

गोळा करताना एकही फोटो उडवायचा नाही. आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो मोफत मिळणाऱ्या १५ जीबीत मोजले जातात आणि तेवढी जागा लहान मुलाच्या व्हिडिओंनी फार लवकर भरते. फोनवरच्या गूगल फोटोजमधून फोटो काढून टाकला तर तो ऑनलाइन साठ्यातूनही जातो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. जागा मोकळी करायची असेल तर त्यातला "फ्री अप स्पेस" हा पर्याय वापरा, तो ऑनलाइन पोचलेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतो.

तारखा लावायच्या त्या सणांवरून

फोटो जमले की कळतं, निम्म्यांच्या तारखा चुकीच्या आहेत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख उरत नाही, फाइलच्या नावात दिसते ती फोटो आला त्या दिवसाची. चुलतभावाने गणपतीचे फोटो दिवाळीच्या सुट्टीत पाठवले तर फोन ते दिवाळीतच लावतो.

इथे आपले सण उपयोगी पडतात. फोटोत आकाशकंदील आहे, गुढी आहे, मखर आहे, तिळगुळाची वाटी आहे, की महिना कळला. वर्ष ठरवायला मुलाची उंची आणि दात बघा, आणि तारीख पंचांगावरून घ्या, कारण सण दरवर्षी सरकतात. अलीकडच्या वर्षांच्या तारखा अशा:

गणेश चतुर्थी: ३१ ऑगस्ट २०२२, १९ सप्टेंबर २०२३, ७ सप्टेंबर २०२४, २७ ऑगस्ट २०२५.

लक्ष्मीपूजन: २४ ऑक्टोबर २०२२, १२ नोव्हेंबर २०२३, १ नोव्हेंबर २०२४, २१ ऑक्टोबर २०२५.

गुढीपाडवा: २ एप्रिल २०२२, २२ मार्च २०२३, ९ एप्रिल २०२४, ३० मार्च २०२५.

२०२३ चे गणपती-दिवाळी एकदम पुढे गेलेले दिसतात, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. लेक २०२२ च्या ऑगस्टात जन्मली असेल तर पहिल्या गणपतीत ती काही दिवसांची तान्ही होती आणि दुसऱ्या गणपतीला वर्षाची होऊन वर जवळजवळ महिना गेलेला. एका सणात मांडीवर, पुढच्यात मखराचा पडदा ओढायला उभी. असे दोन फोटो शेजारी ठेवले की मधल्या काळाचे धागे आपोआप आठवतात: रांगायला लागली ती गुढीपाडव्यानंतर, पहिलं पाऊल दुसऱ्या गणपतीच्या थोडं आधी.

सण नसेल तर घर बघा. हापूसची पेटी, रेनकोट, पाळणाघराचा नवा गणवेश, नवरात्रात बदललेले पडदे, आजोबांच्या हाताचं प्लास्टर. तारीख नक्की लागली नाही तर "२०२४, पावसाळा" एवढंच लिहा. अंदाजाने खोटी तारीख घालू नका, पुढे तीच खरी समजली जाते.

संस्कारांची पानं आणि राहून गेलेलं बोरनहाण

बारसं, उष्टावण, जावळ, बोरनहाण, पहिला वाढदिवस. प्रत्येकाला वहीत एक-एक पान द्या. फोटोत कपडे आणि सजावट दिसते, ती लिहायची गरज नाही. लिहायचं ते फोटोत न दिसणारं. बारशाला कानात नाव कोणत्या आत्याने सांगितलं, पाळणा कोणी म्हटला, कोणकोणती नावं मागे पडली आणि हेच का ठरलं. उष्टावणाला पहिला घास कोणी भरवला, मामाने की आजोबांनी, कारण प्रत्येक घराची रीत वेगळी. जावळ कुठे काढलं, मामाच्या मांडीवर किती रडला. कोण येऊ शकलं नाही, तेही लिहा. त्या वर्षी आजारी असलेली पणजी दाराआडून बघत होती, हे पंधरा वर्षांनी कोणालाच आठवणार नाही.

एखादा समारंभ झालाच नसेल तर? उष्टावणाची वेळ गेली की गेली, तिथे पहिलं खाणं काय आणि कोणी भरवलं एवढं लिहून पुढे जा. बोरनहाणाचं तसं नाही. ते साधारण पाचव्या वर्षापर्यंत केलं जातं, त्यामुळे पहिल्या संक्रांतीला ऑफिसची सुट्टी मिळाली नाही म्हणून हळहळ नको. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. हा काळ मात्र दर वर्षी सारखा नसतो. २०२४ मध्ये १५ जानेवारीपासून १६ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे महिनाभर हाताशी होता. २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी एवढेच दिवस मिळाले आणि अनेकांची धांदल उडाली. म्हणून नवीन कॅलेंडर आलं की आधी रथसप्तमीवर खूण करा आणि मधला रविवार ठरवून टाका.

तयारी दोन संध्याकाळींत होते. हलव्याचे दागिने आणि मुलासाठी काळे कपडे आधीच आणून ठेवा, शेवटच्या आठवड्यात लहान मापाचे दागिने मिळत नाहीत. एका परातीत चुरमुरे, बोरं, उसाचे बारीक करवे, ओले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या. हल्ली चॉकलेटं-गोळ्याही घालतात, हरकत नाही. तीन वर्षांच्या आतली मुलं येणार असतील तर हरभरे, शेंगदाणे आणि कडक गोळ्या घशात अडकू शकतात, ते परातीतून काढा आणि बोरांवर लक्ष ठेवा. चादर अंथरा, मुलाला मध्ये बसवा, औक्षण करा आणि डोक्यावरून हलकेच ओता. पोरं वेचायला झेपावतात तेव्हा फोन एकाच माणसाच्या हातात द्या आणि बाकीच्यांनी नुसतं बघा. चार वर्षांचं मूल स्वतःचं बोरनहाण पुढे आठवू शकतं, तान्ह्याला ते जमत नाही. उशिराचा हा फायदाच आहे.

निवड

महिन्याला दहा फोटो. याहून जास्त ठेवलेत तर कोणी बघणार नाही. दहांत तीन तरी असे असावेत ज्यात कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. एक घराचा: पसरलेली खेळणी, वाळत घातलेले लंगोट, जुना सोफा. घर बदललं की तो कोपरा परत मिळत नाही.

आणि एक फोटो त्या माणसाचा जो नेहमी फोटो काढतो. बऱ्याच घरांत ती आई असते. अख्खं वर्ष धुंडाळलं तरी तिचे धड पाच फोटो सापडत नाहीत, सापडतात ते नटूनथटून समारंभातले. मुलाला भरवतानाची, केस विंचरतानाची, ऑफिसचा डबा भरतानाची आई कुठेच नसते. मागचे मिळणार नसतील तर आजपासून दुसऱ्याने फोन हातात घ्यावा. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली आजीही याच यादीत.

फोटोखाली काय लिहायचं

"मस्त दिवस", "खूप धमाल", "माझं पिल्लू" असल्या ओळी लिहू नका, त्या कोणत्याही फोटोखाली चालतात. कोण, कुठे, कधी आणि एखादी गोष्ट जी त्याच दिवसाची आहे. नमुना म्हणून एक नोंद:

"रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले तरी किल्ला मोडू देत नाही. अळीव बोटभर उगवलेत. रात्री थंडी वाजेल म्हणून मावळे घरात आणून चपलांच्या रॅकमध्ये झोपवले. महाराज मात्र गडावरच राहणार, त्यांना थंडी वाजत नाही म्हणाला. धाकटीने एक बुरूज खाल्ला. तिला ओवा-पाणी दिलं, ठीक आहे."

यात सणाचं वर्णन नाही, पण मुलगा आहे, बहीण आहे, घर आहे. मुलांचं बोलणं जसंच्या तसं लिहा, सुधारून नको. "शिपवी आण" म्हणत असेल तर शिपवीच लिहा, चार महिन्यांत तो पिशवी म्हणायला लागेल.

आजारपण, नोकरी सुटणं, घरातलं एखादं माणूस जाणं, हेही नोंदीत येऊ द्या. दोन कोरड्या ओळी पुरतात. नुसत्या आनंदाच्या नोंदी ठेवल्या तर मधला रिकामा महिना पुढे कोणाला उलगडत नाही.

आजी-आजोबांना विचारा, आणि त्यांच्यापर्यंत पोचवा

जे फोटोत नाही ते त्यांच्याकडे असतं. फोनचं रेकॉर्डिंग लावून, त्यांना सांगून, वीस मिनिटं बोलतं करा. "बाळाचं काही सांगा" असं मोघम विचारलं तर "फार गुणी होता" एवढंच उत्तर येतं. फोटो हातात द्या आणि नेमकं विचारा. "हे दुपटं कोणाच्या साडीचं?" "तुम्ही आला होतात तेव्हा तो रात्री किती वेळा उठायचा?" "डिंकाचे लाडू तुम्ही केलेत की विहीणबाईंनी?" एका दुपट्यावरून तीन पिढ्यांच्या साड्या निघतात.

त्यांच्याकडे परत पाठवायचं ते कागदावर. दर तीन महिन्यांनी तीस-चाळीस प्रिंट काढा, ४ बाय ६ पुरे. फोटोच्या पाठीमागचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन दाबलं तर पुढच्या बाजूला वळ उठतो. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, कडेला लिहा आणि वाळेपर्यंत फोटो एकमेकांवर ठेवू नका. परदेशातल्या आत्या-काकांना महिन्याचे दहा फोटो आणि ओळी एकत्र, एकाच संदेशात पाठवा. रोज सुटे आलेले फोटो बघून होतात, एकत्र आलेला महिना ते सवडीने वाचतात आणि त्यावर फोन करतात.

मोठ्या ग्रुपवर काय टाकायचं नाही ते घरात ठरवून घ्या: आंघोळीचे फोटो, शाळेचं नाव दिसणारा गणवेश, जन्मदाखला, आधार.

चालू ठेवायचं कसं

महिन्यातून एकदा अर्धा तास दोघांनी एकत्र बसायचं. दिवस असा निवडा जो आपोआप लक्षात राहतो. संकष्टी करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वाट बघण्याचा वेळ यासाठी उत्तम, मुलंही जागी असतात आणि फोटो बघायला मांडीवर येऊन बसतात. नाहीतर महिन्याचा शेवटचा रविवार. एकाने फोटो निवडायचे, दुसऱ्याने ओळी लिहायच्या, पुढच्या महिन्यात अदलाबदल. या बैठकीत चालू महिना आधी संपवा, वेळ उरला तर मागचे दोन महिने भरून काढा. तीन वर्षांचं साचलेलं असेल तर वर्ष-दीड वर्षात बरंचसं आटोक्यात येतं.

मागचे महिने घेताना धाकट्याचे आधी घ्या. पहिल्याचे फोटो ढिगाने असतात, दुसऱ्याच्या वेळी हात मोकळे नसतात आणि नोंद अगदीच तुटपुंजी राहते. त्याच्याबद्दलचं तुम्हाला अजून ताजं आठवतंय, ते आधी उतरवून घ्या. थोरल्याचं आजी सांगेलच. एखाद्या महिन्याचं काहीच सापडलं नाही तर वहीत त्या महिन्याचं पान कोरं सोडा, वर फक्त महिना आणि मुलाचं वय लिहा. मे महिन्यात सगळे जमतील तेव्हा वही मधोमध ठेवा. कोरी पानं बघून कोणाला ना कोणाला काहीतरी आठवतं, त्यांनी तिथेच लिहून खाली आपलं नाव घालावं.